वाय गुणसूत्र शोधणाऱ्या स्टीव्हन्सबाई

पीठ किंवा कोंडा बरेच दिवस न हलवता डब्यात राहिला, की तळाशी पिवळट अळ्या दिसू लागतात. कालांतराने त्यांचे बारीक, गडद रंगाचे भुंगेरे होतात. घरात ते पीठ चाळून घेतात, नाहीतर सरळ फेकून देतात. आपल्याकडच्या या किड्याचा थंड प्रदेशातला एक थोरला भाऊबंद आहे. त्याचे शास्त्रीय नाव टेनेब्रिओ मॉलिटर. पाळलेल्या पक्ष्यांना खाऊ घालण्यासाठी त्याच्या अळ्या लोक मुद्दाम वाढवतात. १९०५ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयात, चव्वेचाळीस वर्षांच्या एका संशोधक बाईंनी या किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, त्यातली गुणसूत्रे मोजली आणि माणसाने हजारो वर्षे विचारलेल्या एका प्रश्नाला पहिल्यांदा पुराव्यानिशी उत्तर दिले. होणारे अपत्य नर की मादी, हे कशाने ठरते? बाईंचे नाव नेटी मारिया स्टीव्हन्स.

त्याआधी या प्रश्नाला उत्तरे नव्हती असे नाही. उलट फार होती. ॲरिस्टॉटलने पुरुषाच्या शरीरातल्या उष्णतेकडे बोट दाखवले होते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत शुक्राचे आधिक्य असेल तर पुत्र आणि आर्तवाचे आधिक्य असेल तर कन्या, असा विचार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले नामवंत जीवशास्त्रज्ञ आईचा आहार, हवामान आणि तापमान यांवर भर देत होते. खाणेपिणे चांगले असेल तर मादी, उपासमार असेल तर नर, असा त्यांचा साधारण हिशेब होता. लोकांमधले ठोकताळे तर विचारूच नका. गरोदर बाईचे पोट पुढे आले आहे की बाजूला, तिला आंबट खावेसे वाटते की गोड, उठताना कोणता पाय आधी टाकते, यावरून निदान करणाऱ्या आजीबाई आजही भेटतात. यातल्या बऱ्याच कल्पनांमध्ये एक समान धागा होता. गर्भ आईच्या पोटात वाढतो, म्हणजे जे काही घडते-बिघडते ते आईमुळेच. त्यामुळे दुसरी किंवा तिसरी मुलगी झाली की बोल कोणाला लावायचा, हेही आधीच ठरलेले असायचे.

नेटीचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावी झाला. अमेरिकेतले यादवी युद्ध सुरू होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. नेटी जेमतेम दोन वर्षांची असताना आई वारली. वडील एफ्रेम हे सुतार. त्यांनी दुसरे लग्न केले आणि कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफर्ड गावी आले. हाताशी काम होते, घरची स्थिती बरी होती, पण ऐश्वर्य काही नव्हते. नेटी आणि तिची बहीण एमा दोघींनाही त्यांनी गावच्या वेस्टफर्ड ॲकॅडमीत घातले, हे त्या सुताराचे मोठेच उपकार म्हणायचे. त्या दशकभरात या शाळेतून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडलेल्या मुली अवघ्या तीन होत्या. त्यांतल्या दोन याच घरातल्या.

१८८० मध्ये नेटीचे शालेय शिक्षण संपले. पुढे काय? शिकलेल्या मुलीला तेव्हा शिक्षिका व्हायचे, नाहीतर परिचारिका किंवा कारकून. नेटी शिक्षिका झाली. न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावच्या शाळेत तिने शरीरशास्त्र, प्राणिशास्त्र, गणित, लॅटिन आणि इंग्रजी असे सगळे शिकवले. मिळेल त्या पगारातून पैसे बाजूला टाकून तिने वेस्टफील्डच्या अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतला. तिथला चार वर्षांचा अभ्यासक्रम तिने दोन वर्षांत उरकला आणि वर्गात सर्वांत जास्त गुण मिळवले. मग पुन्हा नोकरी. शिक्षिका, मध्येच ग्रंथपाल, पुन्हा शिक्षिका. अशी तेरा वर्षे गेली. त्या तेरा वर्षांबद्दल चरित्रकारांकडे सांगण्यासारखे फार थोडे आहे. पण याच काळात ती पै-पै साठवत होती आणि कशासाठी, हे १८९६ मध्ये कळले.

त्या वर्षी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, नेटी देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पदवीच्या वर्गात जाऊन बसली. विद्यापीठ नवे होते, १८९१ मध्ये सुरू झालेले, आणि मुलामुलींना एकत्र शिकवणारे. सोबतचे विद्यार्थी तिच्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाचे असणार. १८९९ मध्ये तिने बी.ए. आणि १९०० मध्ये एम.ए. केले. सुट्टीचे दिवस पॅसिफिक ग्रोव्ह इथल्या सागरी प्रयोगशाळेत गेले. समुद्री जीवांच्या अंगावर राहणाऱ्या सूक्ष्म एकपेशीय प्राण्यांचा तिने अभ्यास केला आणि त्यातल्या एका नव्या प्रजातीला थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून बोव्हेरिया हे नाव दिले. लवकरच त्याच बोव्हेरींच्या प्रयोगशाळेत तिला काम करायला मिळणार होते.

१९०० मध्ये ती ब्रिन मॉरला आली. महिलांना डॉक्टरेटपर्यंत शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या मोजक्या संस्थांपैकी ही एक. तिथे जीवशास्त्राचे प्रमुख होते थॉमस हंट मॉर्गन. फळमाशीवरच्या कामासाठी पुढे नोबेल मिळवणारे ते हेच मॉर्गन. त्यांना नेटीची हुशारी लगेच जाणवली. शिष्यवृत्तीवर ती इटलीतल्या नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्रात आणि तिथून जर्मनीत व्युर्झबर्गला बोव्हेरींकडे जाऊन आली. १९०३ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. तेव्हा वय होते एक्केचाळीस. इथून पुढे त्यांना स्टीव्हन्सबाई म्हणायला हरकत नाही.

बाई ज्या काळात या क्षेत्रात उतरल्या तो काळ मोठा गमतीचा होता. मेंडेलचे वाटाण्यावरचे प्रयोग पस्तीस वर्षे धूळ खात पडले होते, ते १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले. आईबापांकडून एकेक असे दोन घटक मुलात येतात आणि पुढच्या पिढीत ते पुन्हा वेगळे होतात, हे मेंडेलने दाखवले होते. पण हे घटक शरीरात असतात कुठे? दुसरीकडे, पेशी विभागताना केंद्रकात दिसणारे धाग्यांसारखे तुकडे शास्त्रज्ञांना दोन दशकांपासून माहीत होते. विशिष्ट रंग टाकला की ते गडद रंगतात, म्हणून १८८८ मध्ये वाल्डायर यांनी त्यांना रंगीत देह या अर्थाचे क्रोमोसोम हे ग्रीक नाव दिले. मराठीत आपण गुणसूत्र म्हणतो, म्हणजे त्यांच्या दिसण्यावर न जाता कामावर जातो. हे काम काय, हे मात्र १९०० मध्ये कोणी ठामपणे सांगू शकत नव्हते. बोव्हेरींनी समुद्री साळींदरावर प्रयोग करून १९०२ मध्ये दाखवले, की सगळी गुणसूत्रे सारखी नसतात. प्रत्येकाचे काम वेगळे असते आणि गर्भ नीट वाढायला पूर्ण संच लागतो. त्याच सुमारास अमेरिकेत वॉल्टर सटन यांनी गुणसूत्रांचे वागणे आणि मेंडेलचे नियम हुबेहूब जुळतात, हे मांडले. पण तो तर्क होता. एखादे ठरावीक गुणसूत्र आणि एखादे ठरावीक शारीरिक लक्षण यांची गाठ अजून कोणी मारून दाखवली नव्हती.

इथे गुणसूत्राची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. एरवी गुणसूत्रे केंद्रकात गुंतवळासारखी पसरलेली असतात आणि वेगवेगळी ओळखू येत नाहीत. पेशी विभागायला लागली की प्रत्येक सूत्र स्वतःभोवती गुंडाळून आखूड आणि जाड होते. तेव्हाच ते मोजता येते. अशा गुणसूत्रावर एक बारीक जागा दिसते, जणू दोऱ्याला आवळलेली गाठ. हा गुणसूत्रबिंदू. तो कुठे आहे यावरून गुणसूत्राच्या दोन भुजांची लांबी ठरते आणि त्यावरून प्रकार पडतात. बिंदू मधोमध असेल तर मध्यकेंद्री, थोडा सरकलेला असेल तर उपमध्यकेंद्री, टोकाजवळ असेल तर अग्रकेंद्री आणि अगदी टोकाला असेल तर अंत्यकेंद्री. शाळेत हे चार शब्द पाठ करून परीक्षा झाल्यावर विसरायचे अशी पद्धत आहे. पण याच आकारांवरून आणि लांबीवरून गुणसूत्रांच्या जोड्या लावता येतात. शरीराच्या पेशीत गुणसूत्रे जोडीने असतात, एक आईकडचे आणि एक वडिलांकडचे, आणि जोडीतली दोन्ही दिसायला सारखी असतात. अंडपेशी आणि शुक्राणू तयार होताना जोड्या फुटतात आणि प्रत्येकात निम्माच संच जातो.

सगळ्या जोड्या सारख्या असतात, या नियमाला कुठेतरी अपवाद आहे हे एव्हाना दिसू लागले होते. हेन्किंग या जर्मन शास्त्रज्ञाला १८९१ मध्ये एका ढेकणासारख्या कीटकाच्या शुक्राणूंत एक विचित्र तुकडा दिसला होता. तो निम्म्या शुक्राणूंत जायचा आणि निम्म्यांत नसायचा. हे काय आहे ते न कळल्यामुळे त्यांनी त्याला एक्स म्हटले. दहा वर्षांनी कॅन्ससच्या मॅक्लंग यांनी टोळवर्गातल्या कीटकांत असेच एकटे गुणसूत्र पाहिले आणि याचा लिंगाशी संबंध असावा असे सुचवले. त्यांचे अनुमान हुशारीचे होते, पण उलटे निघाले. हे जादा गुणसूत्र ज्या शुक्राणूत असते त्यापासून नर होतो, असे त्यांनी धरले. प्रत्यक्षात त्यापासून मादी होते.

स्टीव्हन्सबाईंना हा प्रश्न सोडवायचा होता, पण त्याआधी पोटाचा प्रश्न होता. डॉक्टरेट झाली तरी कायमचे पद नव्हते. वडिलोपार्जित पैसा नव्हता आणि पुन्हा शाळेत शिकवायला गेले तर संशोधनाला वेळ उरणार नव्हता. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेकडे त्यांनी अर्ज केला. स्वतःच्या कमाईवरच जगावे लागते, हे त्यांनी त्यात लपवले नाही. मॉर्गन, कोलंबिया विद्यापीठाचे एडमंड विल्सन आणि ब्रिन मॉरच्या अध्यक्षा कॅरी थॉमस यांनी शिफारस केली आणि १९०४ मध्ये अनुदान मंजूर झाले.

मग बाई कामाला लागल्या. मावा, वाळवी, झुरळ आणि पिठातला भुंगेरा असे अगदी साधे प्राणी त्यांनी निवडले. मावा शेतकऱ्याला नको असला तरी शास्त्रज्ञाला फार सोयीचा, कारण त्याच्या माद्या उन्हाळाभर नराशिवायच पिले देतात आणि नर फक्त हंगामाच्या शेवटी दिसतात. म्हणजे लिंग कसे ठरते, हा प्रश्न तिथे आपसूकच उभा राहतो. माव्याच्या जननपेशींवरच्या कामासाठी बाईंना १९०५ मध्ये महिला शास्त्रज्ञांसाठीचे एलेन रिचर्ड्स पारितोषिक मिळाले. रक्कम होती एक हजार डॉलर.

खरे यश मात्र भुंगेऱ्याने दिले. काम कसे चालत असेल ते डोळ्यांसमोर आणले पाहिजे. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा अवयव कीटकाच्या पोटातून अखंड बाहेर काढायचा. तो रसायनात टिकवायचा, मेणात बसवायचा, त्याचे पारदर्शक काप करायचे, काचेवर चिकटवायचे, रंगवायचे आणि मग पेशीमागून पेशी बघत जायचे. ऐन विभाजनात सापडलेली, गुणसूत्रे एकमेकांवर न चढलेली पेशी क्वचितच मिळते. जे दिसेल ते हाताने रेखाटायचे. एखादे बारीक गुणसूत्र मोठ्याच्या आड लपले तर मोजणी चुकली. मॅक्लंग यांच्या काळातली काही अनुमाने अशाच मोजणीवर घसरली होती.

भुंगेऱ्याच्या मादीच्या शरीरपेशीत बाईंना २० मोठी गुणसूत्रे मिळाली. नराच्या शरीरपेशीतही २०च, पण त्यातली १९ मोठी आणि एक अगदी छोटे. मग त्यांनी जननपेशी पाहिल्या. अंडपेशीत १० मोठी. शुक्राणू मात्र दोन प्रकारचे निघाले. निम्म्यांत १० मोठी, निम्म्यांत ९ मोठी आणि एक छोटे. आता बेरीज कोणालाही करता येईल. १० मोठ्या गुणसूत्रांच्या अंडपेशीला १० मोठी असलेला शुक्राणू मिळाला तर २० मोठी, म्हणजे मादी. छोटे गुणसूत्र असलेला शुक्राणू मिळाला तर १९ आणि एक, म्हणजे नर. अंडी सगळी सारखीच. फरक आहे तो शुक्राणूंत. त्या छोट्या गुणसूत्राला आज आपण वाय म्हणतो.

या मोजणीतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाईंनी नर आणि मादी दोघांच्याही शरीरपेशी तपासल्या. त्या काळचे बरेच संशोधक फक्त नराच्या वृषणातल्या पेशी बघत, कारण त्या रंगवायला सोप्या. अंड्यातला स्निग्ध भाग रंगकामात फार त्रास देतो. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय हिशेब जुळत नाही, हे साधे वाटते, पण ते करणारे थोडे होते.

एडमंड विल्सन हेही त्याच वर्षी, वेगळ्या कीटकांवर काम करून याच दिशेने आले. त्यांनी पाहिलेल्या एका कीटकात नराला १३ आणि मादीला १४ गुणसूत्रे होती. म्हणजे तिथे छोटे गुणसूत्र नव्हतेच, मादीला दोन एक्स आणि नराला एकच. दुसऱ्या एका कीटकात त्यांनाही असमान जोडी दिसली. दोघांचे शोध स्वतंत्र होते, असेच आज मानले जाते. कार्नेगी संस्थेचे सल्लागार या नात्याने बाईंचे हस्तलिखित विल्सन यांच्या नजरेखालून गेले होते आणि बाईंच्या निष्कर्षांचा उल्लेख त्यांनी आपल्या लेखनात प्रामाणिकपणे केला. पण विल्सन त्या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव होते. त्यामुळे पाठ्यपुस्तकांतून पुढची कित्येक वर्षे शोध त्यांच्याच नावे राहिला. विज्ञानाचा इतिहास लिहिणारे स्टीफन ब्रश यांनी १९७८ मध्ये मूळ कागदपत्रे तपासून दाखवले, की लिंग गुणसूत्रांनीच ठरते हे बाईंनी अधिक स्पष्टपणे स्वीकारले होते. विल्सन तेव्हा परिस्थितीच्या प्रभावालाही जागा ठेवत होते. मॉर्गन तर त्याहून साशंक. आपल्याच विद्यार्थिनीचे म्हणणे त्यांना पटायला पाच वर्षे लागली. १९१० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या डोळ्यांची नर फळमाशी निघाली आणि तो पांढरा रंग एक्स गुणसूत्राबरोबरच फिरतो हे दिसले, तेव्हा कुठे ते वळले. त्या मार्गाने त्यांना १९३३ चे नोबेल मिळाले.

माणसाच्या बाबतीत हे सिद्ध व्हायला आणखी बराच काळ गेला. माणसाची गुणसूत्रे ४८ आहेत असे अनेक दशके पुस्तकांत छापले जात होते. ती ४६ आहेत हे १९५६ मध्ये जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी स्वीडनमध्ये मोजून दाखवले. बावीस जोड्या अलिंगी गुणसूत्रांच्या आणि तेविसावी लिंग गुणसूत्रांची. बाईला दोन एक्स, पुरुषाला एक एक्स आणि एक वाय. एक्स बऱ्यापैकी लांब आणि उपमध्यकेंद्री, वाय बुटके आणि अग्रकेंद्री. एक्सवर आठशेच्या वर जनुके, वायवर त्याच्या एक दशांशाहूनही कमी. १९५९ मध्ये दोन आजारांनी वायचे महत्त्व पक्के केले. क्लाइनफेल्टर व्याधीत एक्स एक्स वाय अशी तीन गुणसूत्रे असतात, तरी ती व्यक्ती पुरुष असते. टर्नर व्याधीत एकच एक्स असतो आणि ती व्यक्ती स्त्री असते. म्हणजे माणसात निर्णय वायच्या हातात. फळमाशीत तसे नसते. तिथे एकच एक्स असेल तर वाय नसतानाही नर होतो, फक्त तो वांझ असतो. १९९० मध्ये माणसाच्या वायवरचे नेमके जनुक सापडले. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना ते जागे होते आणि वृषण घडवायला सुरुवात करते. क्वचित हे जनुक काम करत नाही किंवा भलत्याच गुणसूत्रावर जाऊन बसते. त्यामुळे एक्स-वाय असूनही स्त्रीदेह, किंवा दोन एक्स असूनही पुरुषदेह, अशा व्यक्ती जन्माला येतात. त्यांच्याकडे कुतूहलाने बघत राहण्यापेक्षा त्यांना नीट वैद्यकीय सल्ला मिळणे गरजेचे असते.

आपल्या राज्यात या ज्ञानाचा प्रवास फार सुखाचा झाला नाही. गर्भजलातल्या पेशी काढून त्यातली गुणसूत्रे पाहण्याची तपासणी आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी आली. ऐंशीच्या दशकात मुंबईत आणि इतरत्र ती मुलीचा गर्भ शोधून पाडण्यासाठी वापरली गेली. पुढे तेच काम सोनोग्राफीने स्वस्तात होऊ लागले. महिला संघटनांच्या आणि काही डॉक्टरांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरी २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली ८९४ च भरल्या. त्याआधीच्या जनगणनेत त्या ९१३ होत्या. आणि जिथे गर्भ पाडला जात नाही, तिथेही सासर सुनेलाच विचारते. आईकडे द्यायला फक्त एक्स असतो, ही १९०५ पासूनची गोष्ट आहे. एक्स जाणार की वाय, हे वडिलांच्या शुक्राणूवर ठरते, पण त्यावर वडिलांचीही काही सत्ता नसते. म्हणून सुनेवरचा आळ उचलून मुलाच्या डोक्यावर ठेवण्यातही अर्थ नाही. कोट्यवधी शुक्राणूंपैकी कोणता आधी पोहोचतो, याला कोणी जबाबदार धरता येत नाही.

स्टीव्हन्सबाईंनी स्वतः माणसाबद्दल घाईने काही म्हटले नाही. एका भुंगेऱ्यात दिसले म्हणून ते सगळीकडे असेल, असे मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढची सात वर्षे त्यांनी तपासण्यात घालवली. जवळपास पन्नास जातींचे भुंगेरे झाले, नऊ जातींच्या माश्या झाल्या, डास झाले. १९११ मध्ये गिनीपिगवरचा लेख आला, म्हणजे गाडी सस्तन प्राण्यांपर्यंत पोहोचली होती. कुठे छोटे गुणसूत्र होते, कुठे ते नव्हतेच. फुलपाखरांत आणि पक्ष्यांत प्रकार नेमका उलटा, असमान जोडी मादीकडे असते, हे पुढे इतरांनी दाखवले. बाई मात्र जे काचेवर दिसले तेवढेच लिहीत. मॉर्गन यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या मृत्युलेखात कामातल्या अचूकपणाबरोबर या सावधपणाचाही उल्लेख केला आहे. निरीक्षण सोडून फार दूर न जाणारी संशोधक, असा त्याचा सूर. तो काहींना कौतुकाचा वाटेल, काहींना जरा हात राखून केलेला. पण लिंग कशाने ठरते यावर इतकी शतके निरीक्षणाशिवायच लिहिले गेले होते, तेव्हा हा दोष असेल तर फारच उपयोगी दोष होता.

एवढे असूनही ब्रिन मॉरमधले त्यांचे पद शेवटपर्यंत कनिष्ठच राहिले. शिकवण्याचे काम होतेच. १९०८-०९ मध्ये त्या पुन्हा एक वर्ष बोव्हेरींकडे व्युर्झबर्गला गेल्या. परत आल्यावर कीटकांच्या पिंजऱ्यांत आणि काचांच्या पेट्यांत पुन्हा गढल्या. लग्न केले नाही. नऊ-दहा वर्षांच्या संशोधक आयुष्यात सुमारे चाळीस शोधनिबंध लिहिले. पस्तिसाव्या वर्षी पदवीला बसलेल्या बाईचा हा हिशेब आहे. अखेर महाविद्यालयाच्या विश्वस्तांनी त्यांच्यासाठी खास संशोधन प्राध्यापकाचे पद निर्माण केले. त्यात शिकवण्याचा बोजा नव्हता, फक्त संशोधन होते. असे पद त्यांना दहा वर्षांपूर्वीच हवे होते.

ते त्यांना स्वीकारता आले नाही. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय तेव्हा या आजाराच्या शस्त्रक्रियेसाठी जगभर ओळखले जाई. स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकणारी हॉल्स्टेड यांची मोठी शस्त्रक्रिया तिथेच रुळली. पण आजार शरीरात पसरल्यावर १९१२ मध्ये त्याच्या पुढे कोणाकडेच काही नव्हते. आज वापरतो ती औषधे नव्हती आणि किरणोपचार बाल्यावस्थेत होता. त्याच रुग्णालयात ४ मे १९१२ रोजी स्टीव्हन्सबाईंचे निधन झाले. वय होते पन्नास.

त्याच वर्षी त्यांचा एक निबंध छापून आला. काही भुंगेऱ्यांत नेहमीच्या जोड्यांखेरीज एखाद-दुसरे जादा बारीक गुणसूत्र आढळते, त्याचा नर-मादी संख्येशी काही संबंध आहे का, हा त्याचा विषय होता. बाईंचे दफन वेस्टफर्डला झाले. वडील आणि एमा यांच्या थडग्यांशेजारीच त्यांचे थडगे आहे.